दोन राखाडींचं पिल्लू

६ फेब्रुवारी

भिंगरे,

चार वर्षांनी पत्र लिहितेय. वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलेलं नाही, ते बघून घे. मनात नाही ते कागदावर आणणं मला जमत नाही. तुझा फोन लागत नाही, पण पत्ता मिळाला. कुठून, ते विचारू नकोस.

सरळच विचारते. १५ ऑक्टोबरला तू माझ्या घरी आली होतीस का?

का विचारतेय ते तुला ठाऊक असेलच. नसेल तर ऐक. ३ तारखेला संध्याकाळी आपली चिंचिला काकू व्याली. तुझ्या त्या प्रकारानंतर मी तिला एकटीच ठेवली होती. तिचा नर मास्तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या पिंजऱ्यात. पण तिचं आता वय होत चाललंय, एक शेवटचं बाळंतपण व्हावं, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला मास्तरला तिच्याकडे सोडला. दोघंही राखाडी. आप्पांच्या वंशावळीच्या वहीत सात पिढ्या मागे जा, दुसरा रंग सापडणार नाही. पिल्लं झाली दोन. एक आईबापांसारखं राखाडी. दुसरं बदामी.

पुन्हा बदामी. चार वर्षांपूर्वी झालं तसंच.

आप्पांनी आपल्याला पहिला धडा कोणता दिला होता? बदामी रंग लपत नाही. आईत नाहीतर बापात तो दिसायलाच हवा, तरच पिल्लात उतरतो. दोन राखाडी चिंचिलांच्या पोटी बदामी पिल्लू आलं, तर समजायचं की पिंजऱ्यात तिसरं कुणीतरी जाऊन आलंय.

काकूचे दिवस एकशे अकरा. तीन फेब्रुवारीपासून उलटे मोजत गेले की पंधरा ऑक्टोबर येतो. त्या दिवशी मी दंतवैद्यांच्या प्रदर्शनाला गेले होते. सकाळी सातला बाहेर पडले, रात्री आठला परत. मागच्या खोलीला कुलूप. त्याच्या किल्ल्या दोन. एक माझ्या गळ्यात असते. दुसरी तू नेलीस ती परत दिली नाहीस.

आणि शेजारीण, जी आपल्या चिंचिलांना अजूनही 'तुमच्या त्या गुबगुबीत खारी' म्हणते, ती काल आपणहून म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या फाटकाशी एक बाई बराच वेळ उभी होती हो. बारीक चणीची. त्याच दिवशी आमच्या सुनेला दवाखान्यात नेलं, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे."

तुझ्याकडे एक बदामी नर आहे, हे मला कळलंय. पिशवीत घालून आणायला कितीसा वेळ लागतो? मला खोटं पाडायला तू एवढं करशील असं वाटलं नव्हतं. 'बघ, दोन राखाडींना बदामी होतंच,' हेच ना म्हणायचं होतं तुला?

हो की नाही, एवढंच लिही.

ताई


१५ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. चार वर्षांनी बहिणीला चार ओळी. म्हणजे वर्षाला एक पडली.

'हो, आले होते. बाहेरून कुलूप होतं म्हणून परत गेले. किल्ली माझ्याकडे नाही, मी घर सोडलं त्याच दिवशी तू माझ्या हातातून ओढून घेतलीस, आठव. ताई, डोळे तपासून घे.'

आले होते म्हणतेस, कशाला ते लिहीत नाहीस. ज्याच्या मनात काही नसतं तो कारण सांगतो. आणि किल्लीबद्दल सरळ सरळ खोटं! मी कशाला ओढून घेईन?

पण सगळ्यात झोंबली ती शेवटची ओळ. डोळे तपासून घे! कुणाला सांगतेस? एकतीस वर्षं मी दात बनवतेय. माणसाचे दात पांढरे असतात असं जगाला वाटतं. मला त्यांचे सोळा रंग पाठ आहेत आणि त्या सोळांच्या मधलेही. मी केलेली कॅप तोंडात बसवली की नवरा बायकोला ओळखू शकत नाही की तिचा कुठला दात खोटा. त्या डोळ्यांना तू नावं ठेवतेस?

चार वर्षांपूर्वीही हेच केलंस. ती संध्याकाळ मला जशीच्या तशी दिसते. सव्वासहाला पिल्लू आलं, पायाकडून, तू बोटभर कापडाने धरून हलकेच बाहेर घेतलंस. दिव्याखाली पुसलंस. मी म्हटलं, "बदामी! कुणाला आत सोडला होतास?" तू म्हणालीस, "ताई, बदामी कुठे, जांभळट आहे गं. नीट बघ ना." डोळ्यादेखत! माझ्यासमोर पिल्लू, माझ्यासमोर दिवा, आणि मला सांगतेस की जांभळट. चोरी लपवायची म्हणजे निदान बरा बहाणा तरी शोधावा. खोटं बोलायची तुझी लहानपणची खोड, असं मी म्हटलं, ते रागात म्हटलं. पण चुकीचं म्हटलं असं मला अजून वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिल्लू आणि तुझ्या वाट्याच्या चार माद्या घेऊन निघून गेलीस.

त्यानंतर चिंचिला पाळणाऱ्यांच्या क्लबातून तुझं नाव काढलं, त्याचं खापर माझ्यावर फोडत असशील तर फोडू नकोस. निनावी पत्र आलं म्हणतात. कुणी लिहिलं मला काय माहीत? तो सेक्रेटरी पहिल्यापासून खडूस. त्यालाच विचार.

राखाडी पिल्लू दूध चांगलं पितंय. दुसरंही. तुला त्याचं काय म्हणा.

ताई


३ मार्च

भिंगरे,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पण काही गोष्टी घडल्यात त्या तुला कळायला हव्यात, कारण त्यांत तुझा हात आहे की नाही ते मला ठरवता येत नाहीये.

पिल्लांना तपासायला डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. त्या तुझ्याकडेही जातात, मला माहीत आहे. खोलीत आल्या, पिल्लू तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "अरे वा! जांभळं? तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "बदामी आहे ते."

"कोण म्हणालं?"

"मी म्हणतेय."

त्या हसल्या. "बाई, बदामी पिल्लाच्या डोळ्यांत टॉर्च मारला तर आत लाल चमकतं. हे बघा, काळेभोर आहेत. शिवाय रंग तर समोरच दिसतोय की."

मी विचारलं, "जांभळं तर जांभळं. सात पिढ्यांत नाही ते आलं कुठून?"

"जांभळा रंग मोठा लबाड असतो," त्या म्हणाल्या. "अंगात असून दिसत नाही. एका बाजूने आला तर जनावर राखाडीच दिसतं, सात काय दहा पिढ्या तसंच जाईल. ज्या दिवशी आई आणि बाप दोघांकडून येतो, त्या दिवशी उमटतो. या दोघांचं काही नातं आहे का?"

मी पिंजऱ्याची कडी लावत राहिले. तुला ठाऊक आहे. काकूची आजी आणि मास्तरची आजी एकच. जोडी मीच लावली होती, केस दाट यावेत म्हणून. तू नको म्हणाली होतीस.

मी बाईंना तोंडावर विचारलं, "तुम्हाला माझ्या बहिणीने हे बोलायला सांगितलं का?" त्यांनी पिल्लू खाली ठेवलं, बॅग आवरली आणि म्हणाल्या, "तिच्याकडे गेले की ती फक्त तुमची तब्येत विचारते. रंगाचं एक अक्षर बोलत नाही." आणि चहा न घेता गेल्या.

दोघींनी मिळून ठरवलं असेल, असंच मला पहिल्यांदा वाटलं. पण टॉर्च तर माझा होता. त्या गेल्यावर मी खोलीचं दार लावून घेतलं आणि स्वतः बघितलं. चार वेळा. लाल काही चमकलं नाही. डोळे कोळशासारखे.

चार वर्षांपूर्वीही टॉर्च तिथेच खिळ्याला टांगलेला होता. माझ्यापासून दोन हातांवर. मी तो काढून बघितलं नाही.

याचा अर्थ तू खरी असा होत नाही. काळ्या डोळ्यांचं बदामीही कुठेतरी असतं म्हणे, विरळा. मी शोध घेतेय.

आणखी एक. प्लास्टरची पावडर संपली म्हणून माळ्यावरचा जुना डबा उतरवला. तळाशी किल्ली निघाली. लाल दोरा बांधलेली, तुझी. ती तिथे कशी गेली ते मला आठवत नाही. तू टाकली असशील असं म्हणणार होते, पण तू गेल्यानंतरचा डबा आहे तो. झाकणावर तारीख आहे, माझ्या हाताची.

ताई


१२ मार्च

भिंगरे,

काल दातांचे डॉक्टर आले होते. तेच आपले, ज्यांच्याकडे माझं निम्म्याहून जास्त काम जातं. माणूस कधी येत नाही, डबी पाठवतो. स्वतः आले म्हटल्यावर मी ओळखलं की काहीतरी आहे.

तुला सांगितलं नव्हतं. वर्षभर कॅप परत येतायत. 'थोडी पिवळी वाटते', 'थोडी निळसर वाटते'. मी म्हणायचे, पेशंट नखरेल. मग म्हटलं, पोर्सिलीन बदललं कंपनीने. मग भट्टीवर शंका, मग त्यांच्या दवाखान्यातल्या ट्यूबलाइटवर. हाताखालच्या मुलीला दोनदा रडवलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण अंगणाला दोष देणाऱ्याला आपलंच पाऊल चुकतंय हे कुठे कळतं?

त्यांनी टेबलावर रुमाल अंथरला आणि तीन कॅप मांडल्या. म्हणाले, "यांत वेगळी कुठली?"

मी निरखून पाहिलं. म्हटलं, "तिन्ही सारख्या. एकाच पेशंटच्या आहेत ना?"

त्यांनी मधली कॅप वेगळी काढून ठेवली. मग म्हणाले, "बाई, तुमचा हात अजून तसाच आहे. दाताचा आकार तुमच्यासारखा कुणी काढत नाही. पण रंगाचं... सहा महिने झाले, तुमच्या कॅपवर मी दुसरीकडून रंग चढवून घेतोय. तुम्हाला सांगवेना. शेवटी तुमच्या बहिणीला सांगितलं. ऑक्टोबरात. म्हटलं, तुम्ही तरी समजवा. त्या म्हणाल्या, 'मी जाते, पण ती मला दारात उभं करायची नाही.'"

म्हणजे त्यासाठी आली होतीस.

मी त्यांना म्हटलं, "माझ्या माघारी माझ्या बहिणीशी बोलायचं तुम्हाला कारण नव्हतं." ते म्हणाले, "नव्हतंच." कॅप गोळा केल्या आणि उठले. दारापर्यंत जाऊन परत वळले. "डोळ्यांच्या डॉक्टरांना मी तुमचं नाव सांगून ठेवलंय. गुरुवारी."

मी जाणार नाही, असं म्हणणार होते. गुरुवार उद्या आहे.

ताई


२६ मार्च

भिंगरे,

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. साखरेमुळे लवकर आला आणि चांगला जुना झालाय, म्हणाले. जुना म्हणजे किती, असं विचारलं. "पाच-सहा वर्षं तरी मुरलाय. तुम्ही चहातून जग बघताय, बाई. हळूहळू झालं की कळत नाही. तुम्हाला वाटतं, जगच तसं आहे."

पाच-सहा वर्षं. मी हिशेब केला नाही. तू करशील, म्हणून लिहितेय.

डॉक्टर तरुण आहेत, गोड बोलतात. असल्या माणसांचा मला भरवसा वाटत नाही. ऑपरेशन करायला लावायचं म्हणून सांगत असतील असंही मनात आलं. मग दुसरीकडे दाखवलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आत डोकावून एवढंच विचारलं, "आजवर आला का नाहीत?"

५ एप्रिलला डावा डोळा. उजवा नंतर. तुला कळवायचं काही कारण नाही, पण कळवलं.

ताई


९ एप्रिल

भिंगरे,

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. आज दोन्ही डोळ्यांनी लिहितेय, पण दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत.

पट्टी काढल्यावर नर्सचा गणवेश दिसला. मला वाटत होतं तो मळखाऊ कापडाचा आहे, पहिल्या दिवसापासून. निळा निघाला. चांगला लख्ख निळा. घरी आले तर भिंती पांढऱ्या. मी त्यांच्यावरून गेल्या वर्षी 'रंगाऱ्याने फसवलं, पिवळट दिला' म्हणून भांडले होते. रंगारी बिचारा डबा उघडून दाखवत होता.

मग मागच्या खोलीत गेले. सकाळचे दहा वाजले असतील, खिडकी उघडली होती. पिल्लू दोन महिन्यांचं झालंय, अंघोळीच्या धुळीच्या डब्यात लोळत होतं. त्याला उचलून खिडकीशी नेलं. आधी उजवा डोळा उघडा ठेवला, जुना. बदामी. मग तो झाकला आणि डावा उघडला.

काय सांगू तुला. पहाटे डोंगर दिसतात ना लांबून, तो रंग. राखाडी नाही आणि जांभळाही नाही, मधला काहीतरी, थंड. मी पुन्हा डोळा बदलला. बदामी. पुन्हा बदलला. जांभळं. पिल्लू तेच, खिडकी तीच, उजेड तोच. किती वेळ मी एक एक डोळा झाकत उभी होते, कुणास ठाऊक. पिल्लू कंटाळून हातावर मुतलं.

तू म्हणाली होतीस, "नीट बघ ना."

आणि मला कळेना, की दातांचा रंग घ्यायला मी एकतीस वर्षं पेशंटला खिडकीशी नेते, दिव्याखाली कधीच घेत नाही, शिकाऊ पोरीलाही पहिलं तेच शिकवते. मग त्या संध्याकाळी मी पिल्लू घेऊन सकाळपर्यंत का थांबले नाही? मोतीबिंदू होता ते खरं. पण सकाळची वाट न बघायला कुठला मोतीबिंदू होता?

ताई


१२ एप्रिल

भिंगरे,

मागच्या पत्राच्या शेवटी जे विचारलं त्याचं उत्तर मला माहीत आहे. तीन दिवस ते लिहायचं टाळलं. खाडाखोड न करता लिहिते.

क्लबाला ते निनावी पत्र मी लिहिलं.

तू गेल्यावर आठ दिवसांनी. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या टाइपरायटरवर, रविवारी, कुणी नसताना. त्यात लिहिलं, की या बाई पिल्लांचे आईबाप खोटे नोंदवतात, चौकशी करा. पिल्लू बदामी की काय ते लिहिलं नव्हतं. ते त्यांना दिसेलच असं वाटलं. त्यांनी पिल्लू मागवलं. जांभळं पिल्लू, आणि वहीत सात पिढ्या शुद्ध राखाडी. त्यांना वाटलं, पत्र खरं. तुझं नाव काढलं. तुझी जनावरं कुणी घेईना. मला सेक्रेटरीकडून समजलं तेव्हा मी म्हटलं, "अरेरे."

'अरेरे' म्हटलं, भिंगरे. तोंडाने.

त्या वर्षी क्लबाने रंगपरीक्षक कुणाला निवडलं होतं, आठवतं? तुला. प्रदर्शनात शंभर जनावरांमधून डोळ्याने रंग ओळखणारी बाई म्हणून तुला. मी तीन वर्षं अर्ज करत होते. मी तुझं अभिनंदनही केलं, मिठाई आणली. घरी परतताना तू म्हणालीस, "ताई, तुझ्याकडूनच शिकले की," आणि मला ते टोचलं. दोन महिन्यांनी ते पिल्लू झालं. बदामी दिसलं, तेव्हा माझ्या पोटात राग नव्हता आला. आनंद झाला होता. सापडली, असं वाटलं. म्हणून सकाळची वाट बघितली नाही.

मला इतकी वर्षं वाटायचं की मला माणसांची पारख आहे, म्हणून मी संशय घेते. आता वाटतं, मी स्वतः जे केलं ते सगळे करत असतील, या भीतीने घेत होते. चोराला सगळीकडे पावलं ऐकू येतात.

२४ तारखेला क्लबाची बैठक आहे. मी जाऊन सांगणार आहे. तुला विचारत नाही, कारण तू नको म्हणालीस तर मला बरं वाटेल आणि मी जाणार नाही.

ताई


२५ एप्रिल

भिंगरे,

गेले. सांगितलं.

लोक तीसेक होते. सेक्रेटरींनी आधी सभासदांची नवी यादी वाचली, मग पाणी प्यायले, मग म्हणाले, "आणखी कुणाला काही?" मी उठले. हातात कागद होता, पण एका डोळ्याने वाचता येईना, तेव्हा तोंडानेच सांगितलं. पत्र मी लिहिलं. नोंद खरी होती. पिल्लू त्या दोघांचंच. दोघांची आजी एक, जोडी माझी, रंग लपून आलेला. पुरावा म्हणून यंदाचं पिल्लू टोपलीत घेऊन गेले होते, तेही दाखवलं. कुलूपबंद खोलीत, त्याच आईबापांचं, त्याच रंगाचं.

मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "जाऊ द्या हो, झाली त्याला चार वर्षं." सेक्रेटरीही सुटल्यासारखे म्हणाले, "तसंच. घरचा मामला दिसतो."

मी म्हटलं, "घरचा नाही. तिला तुम्ही काढलंत तेव्हा बोर्डावर कागद लावला होता. आताही लावा. माझं नाव घालून."

लावतील. माझं सभासदत्व दोन वर्षं बंद. तो खडूस माणूस, ज्याच्यावर मी तुझ्यापुढे संशय ढकलला, तो मला टॅक्सीपर्यंत पोचवायला आला. टोपली त्यानेच धरली. वाटेत एकदाच बोलला. "ते पत्र आलं तेव्हा मी तुमच्या बहिणीला दाखवलं होतं. वाचून त्या म्हणाल्या, कुणी लिहिलं असेल ते मला सांगता येणार नाही."

सांगता येणार नाही म्हणालीस. माहीत नाही असं म्हणाली नाहीस. घरी येईपर्यंत मी तेवढ्याच शब्दांचा विचार करत होते.

तुला माहीत होतं का?

ताई


२ मे

ताई,

हो. माहीत होतं.

त्या पत्रात लिहिलं होतं की पिल्लू सव्वासहाला, पायाकडून जन्मलं. त्या वेळी खोलीत आपण दोघीच होतो. मी लिहिलं नव्हतं. मग उरलं कोण, ते शोधायला रंगपरीक्षक लागत नाही.

सेक्रेटरींना का सांगितलं नाही, असं तू पुढच्या पत्रात विचारशील आणि त्यातही काहीतरी काळंबेरं शोधशील, म्हणून आताच सांगून टाकते. आप्पा गेल्यावर मला तू एकटीच होतीस. तुला सगळ्यांसमोर चोर ठरवून मी जिंकले असते, तर घरी येऊन ते सांगायचं कुणाला? बरं, तू खोटं बोलत नव्हतीस हेही मला कळत होतं. तुला खरंच बदामी दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी टोपली भरत होते तेव्हा, तू माझ्या निळ्या शालीला 'ती तपकिरी शाल विसरू नकोस' म्हणालीस. मी दारात थांबले. सांगायला हवं होतं तेव्हाच. पण तू रात्रभर मला खोटारडी म्हणत होतीस आणि मलाही राग होता. म्हटलं, दिसू दे तिला तपकिरी. चार वर्षं मी ते धरून बसले. तुझा डोळा तेव्हाच दाखवला असता तर कदाचित एवढा मुरला नसता. हा माझा वाटा. तू कबूल केलंस म्हणून मी करतेय असं नाही. ऑक्टोबरात तेच सांगायला आले होते.

सेक्रेटरींचा फोन आला होता. परत या म्हणतात, परीक्षकही व्हा म्हणतात. विचार करते म्हटलं. त्या बदामी नराचं म्हणशील तर माझ्याकडे तसा नर नाही, कधीच नव्हता. कुणीतरी तुला थाप मारली आणि तू ती जपून ठेवलीस. मी नेलं ते पिल्लू मात्र आहे. मोठं झालंय, आडदांड आहे, पहिल्यांदा आई झालंय. तीन राखाडी पिल्लं. तिघांच्या अंगात जांभळा आहे, दिसत नाही.

माफ केलं असं समजू नकोस. तो बोर्डावरचा कागद मी चार वर्षं रोज मनात वाचलाय, तो दोन वर्षांत उतरायचा नाही. तुझ्याशी बोलता येईल की नाही, तेही माहीत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी आहे आणि बरोबर कुणी नाही. शेजारीण येते म्हणाली तर तू तिला आणणार नाहीस, ती कपाटं बघेल म्हणून. हाताखालच्या मुलीला नेणार नाहीस, ती तुझं काम पळवेल म्हणून. तेव्हा मी येतेय. सकाळी सातला.

दवाखान्याच्या पायऱ्या उंच आहेत आणि तुझ्या डोळ्यावर पट्टी असेल. उतरताना मी हात धरीन. ओढून घेऊ नकोस.

धाकटी